वाचकाचें पत्र आणि संपादकाची चाळणी

बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हें गांव आहे. जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून सिंदखेड इतिहासांत अमर झालें. लोणारचें सरोवर पाहावयास दूरदूरचे लोक येतात. दुसरबीडचें नांव मात्र अशा प्रसिद्ध शेजारामुळें झांकून गेलें आहे. वर्तमानपत्रांच्या इतिहासांत तर असल्या गांवाला स्थानच नसतें. तो इतिहास पुण्यामुंबईच्या छापखान्यांचा, संपादकांचा आणि त्यांच्यावर झालेल्या खटल्यांचा असतो. परंतु वर्तमानपत्र जितकें लिहिणाराचें तितकेंच वाचणाराचें आहे, असें आम्ही समजतों. आणि वाचणारा जेव्हां स्वतः लेखणी उचलून संपादकाला उलट चार ओळी लिहितो, तेव्हां दुसरबीडसारख्या गांवाचाही त्या इतिहासांत प्रवेश होतो. त्या प्रवेशाच्या दारांत संपादक उभा असतो. तो कोणाला आंत घेतो, कोणाला परत पाठवितो, आणि हें सारें कोणत्या मापानें करतो, एवढाच प्रश्न आम्हांस येथें पाहावयाचा आहे. प्रश्न लहान दिसतो; पण त्याच्या एका टोकाला तुरुंग आहे आणि दुसऱ्या टोकाला त्र्याण्णव वर्षांचें मौन आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम साधनांचा विचार करूं. वाचकाला पत्र लिहावयाचें तर तें पोंचविण्याची सोय स्वस्त हवी. सन १८५४ मध्यें टपालखात्यानें अंतराचा भेद काढून टाकला आणि हलक्या पत्रास सर्वत्र अर्धा आणा हा एकच दर ठेविला. पुढें १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें, म्हणजे एका पैशाचें, पोस्टकार्ड निघालें. याच्या आधींच मुंबईहून नागपूरकडे जाणारी आगगाडी मलकापूर, शेगांव, अकोला या मार्गानें वऱ्हाडांतून धांवूं लागली होती. पुण्याचें किंवा मुंबईचें पत्र रेल्वेनें घाटाखालीं उतरावें आणि तेथून घाट चढून बुलढाणा, मेहकर या बाजूस यावें. त्याच वाटेनें एका पैशाचें कार्ड उलट जावें. असा हा व्यवहार होता. इतक्या स्वस्ताईनें एक मोठा फरक पडला. पूर्वीं पत्र लिहावयाचें तर तें कोणा कारकुनानें, शास्त्र्यानें किंवा सावकारानें लिहावयाचें. आतां ज्याला चार अक्षरें येत होतीं व एक पैसा जवळ होता, त्या कोणालाही संपादकाशीं बोलतां येऊं लागलें. संपादकाच्या मेजावरचा कागदांचा ढीग वाढला, आणि ढीग वाढला म्हणजे निवड करणें भागच पडतें.

ही निवड कांहीं आपल्याकडेच निर्माण झाली असें नाहीं. सन १७१३ मध्यें लंडनच्या 'गार्डियन' या पत्राच्या चालकांपैकीं ॲडिसन यानें बटन नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहांत जबडा वासलेल्या सिंहाचें एक मस्तक बसविलें होतें. वाचकांनीं आपलीं पत्रें त्या जबड्यांत टाकावीं आणि ॲडिसननें तीं काढून त्यांतलीं निवडक छापावीं, अशी योजना होती. सिंह सर्वांचें गिळतो, पण छापतो तो माणूस. हें त्या विनोदी योजनेंतलें मर्म आहे. जबडा सर्वांसाठीं उघडा ठेवणें सोपें असतें. अवघड काम त्याच्या पलीकडे सुरू होतें.

मराठींत ही परंपरा पहिल्या वर्तमानपत्राइतकीच जुनी म्हणावी लागेल. बाळशास्त्री जांभेकरांचा 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं निघाला. एका बाजूस इंग्रजी व एका बाजूस मराठी अशा त्या पत्रांत वाचकांच्या लेखनालाही जागा होती. परंतु या परंपरेचें खरें तेज दिसलें तें भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकांत. सन १८४१ मध्यें निघालेल्या या पत्रांत १८४८ च्या मार्च महिन्यापासून एका पत्रलेखकाचीं पत्रें येऊं लागलीं. सही 'लोकहितवादी'. पत्रें एकामागून एक येत राहिलीं आणि १८५० पर्यंत त्यांची संख्या १०८ झाली. आज त्यांना आपण 'शतपत्रें' म्हणतों आणि मराठी गद्याचा एक मानदंड समजतों. पण ज्या वेळीं तीं छापलीं गेलीं त्या वेळीं तीं केवळ एका वाचकानें संपादकास लिहिलेलीं पत्रें होतीं. लेखक गोपाळ हरि देशमुख हे त्या वेळीं पंचविशीचे होते व सरकारी नोकरींत होते. ज्या वर्गांतून 'प्रभाकर'चे वाचक येत, त्याच वर्गावर, म्हणजे शास्त्री, भट आणि विद्येचा अभिमान मिरविणारे ब्राह्मण यांच्यावर, तीं पत्रें कोरडे ओढीत होतीं. आणि लेखक स्वतः त्याच वर्गांतला होता. वर्गणीदाराला न रुचणारें पत्र एकदां छापणें हें धाडस म्हणतां येईल. तें दोन वर्षें छापीत राहणें याला निराळेंच नांव दिलें पाहिजे. भाऊ महाजनांचें नांव आज लोकहितवादींच्या नांवापुढें फिकें पडलें आहे. तें योग्य नव्हे. शतपत्रांना लेखक एक असला तरी जामीन दोन होते.

जामीन हा शब्द आम्हीं जाणूनबुजून वापरला आहे. टोपणनांवानें लिहिणाराची ओळख संपादकापाशीं राहते आणि लोकांपुढें संपादक उभा राहतो. पुष्कळ पत्रांतून एक नियम छापलेला असे व अजूनही असतो: पत्राखालीं खरें नांव व पत्ता असावा, तो प्रसिद्ध करण्यासाठीं नव्हे, खात्रीसाठीं. हा नियम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे कीं त्यांतला शहाणपणा आपल्या लक्षांत येत नाहीं. ज्याला नोकरीची, नातलगांची किंवा गांवची भीति आहे, त्याला या नियमामुळें तोंड मिळतें. आणि ज्याला केवळ चिखल फेंकून पळावयाचें आहे, त्याला तो अडवितो. कायद्यानेंही भार याच बाजूस ठेविला होता. सन १८६७ च्या छापखान्यांसंबंधींच्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर छापणाराचें व प्रसिद्ध करणाराचें नांव असणें भाग पडलें. आणि १८६० च्या दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमानें अब्रूनुकसानीचा गुन्हा केवळ लिहिणाराला नव्हे, तर प्रसिद्ध करणारालाही लागू केला. ती संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन भारतीय न्याय संहिता आली. परंतु अब्रूनुकसानीचें तत्त्व तिच्या ३५६ व्या कलमांत कायमच आहे. 'पत्रलेखकाच्या मतांशीं आम्ही सहमत असूंच असें नाहीं' ही ओळ वाचकाला कांहीं सांगत असेल. न्यायाधीशाला ती फारसें सांगत नाहीं.

आतां १८८२ या एका वर्षाकडे वळूं. देशी वर्तमानपत्रांवर १८७८ मध्यें लादलेला कायदा याच वर्षीं रद्द झाला, आणि सरकारची चाळणी दूर होऊन संपादकाची चाळणी तेवढी उरली. त्या चाळणीचे दोन दोष असूं शकतात. जें अडवावें तें ती आंत सोडील, किंवा जें सोडावें तें बाहेर ठेवील. या वर्षानें दोन्हींचीं उदाहरणें आपल्यापुढें मांडलीं आहेत. एक पुण्याचें आणि एक आमच्या बुलढाण्याचें.

पुण्याचें उदाहरण प्रसिद्ध आहे, पण तें या दृष्टीनें क्वचितच वाचलें जातें. १८८१ च्या जानेवारींत 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघालीं. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी यांना वेड लागलें आहे असें सांगून त्यांना बंदोबस्तांत ठेविलें होतें, आणि त्यांचा छळ होतो अशी महाराष्ट्रांत सर्वत्र कुजबूज होती. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर लोकांचा रोष होता. अशा वेळीं बर्वे यांनींच लिहिलेलीं म्हणून कांहीं पत्रें बाहेरून टिळक-आगरकरांच्या हातीं आलीं. तीं खरीं मानून दोन्ही पत्रांनीं लेख लिहिले. बर्वे यांनीं फिर्याद केली. आणि न्यायालयांत तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजीं टिळक व आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. एकशेंएक दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढून ते २६ ऑक्टोबर रोजीं सुटले. आगरकरांनीं त्या दिवसांची हकीकत पुढें पुस्तकरूपानें लिहिली. खटल्याच्या काळांत जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनीं या दोघांसाठीं जामीन दिला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. कारण मतभेदापलीकडे जाऊन मुद्रणस्वातंत्र्याची कदर करणारे लोक तेव्हां होते, हें त्यावरून दिसतें.

या प्रकरणांत चूक कोठें झाली? हेतूंत नव्हे. छत्रपतींच्या जिवाविषयींची लोकांची काळजी अगदीं निराधार होती असेंही म्हणवत नाहीं; कारण पुढच्याच वर्षीं, २५ डिसेंबर १८८३ रोजीं, अहमदनगर येथें ग्रीन नांवाच्या गोऱ्या रखवालदाराशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. काळजी खरी होती, पत्रें खोटीं होतीं. आणि खोटीं पत्रें खऱ्या काळजीच्या पांघरुणाखालीं आंत आलीं. आपल्या मनांत जें आधींच ठरलें आहे, त्याला दुजोरा देणारा कागद समोर आला कीं भल्याभल्यांची चाळणी ढिली होते. विरोधी पक्षाची निंदा करणारें पत्र संपादकाच्या हातीं देणारा मनुष्य जणूं मित्राच्या वेषांत येतो. त्याला नांव, गांव, पुरावा विचारणें रूक्षपणाचें वाटतें. परंतु तो रूक्षपणा तेथेंच अवश्य असतो. दोन महापंडित तरुणांना एकशेंएक दिवस देऊन जें शिकावें लागलें तें हेंच.

आतां बुलढाण्याकडे येऊं. १८८१ मध्यें सुरत जिल्ह्यांतील विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात मुलाचा जीव घेतल्याचा खटला झाला. तिला फांशीची शिक्षा झाली व पुढें ती कमी करण्यांत आली. या खटल्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. त्यांत 'पुणे वैभव' या सनातनी पत्रानें त्या एका दुर्दैवी स्त्रीच्या निमित्तानें सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे ओढले. हा मजकूर वाचून संतापलेली एक वाचक बुलढाण्यांत होती. तिचें नांव ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरि शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत कारकून होते आणि सत्यशोधक समाजाच्या विचारांचे होते. मुलीला त्यांनीं लिहावयास-वाचावयास शिकविलें होतें. त्या शिक्षणाचें जें फळ निघालें तें असें कीं, वर्तमानपत्रांतल्या मजकुरास तिनें केवळ पत्रानें उत्तर दिलें नाहीं. एक पुस्तकच लिहिलें. 'स्त्रीपुरुष तुलना' हें तें पुस्तक १८८२ मध्यें पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापलें गेलें. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे.

नऊ आणे म्हणजे छत्तीस पोस्टकार्डें. छत्तीस कार्डांच्या किंमतीचें हें एका वाचकाचें उत्तर मराठी गद्यांत अपूर्व आहे. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथीं मारले जातात तेच पुरुषांत नाहींत काय, आणि असतील तर पातकाचें ओझें एकीकडेच कां, असा तिचा सरळ सवाल आहे. पंडिती भाषेचा तिनें आव आणला नाहीं. घरांत, अंगणांत, विहिरीवर बोलली जाणारी बोली तिनें जशीच्या तशी कागदावर उतरविली. तींत राग आहे, उपहास आहे आणि जागोजाग वैधव्याच्या दुःखाची कणव आहे. ज्या मजकुराला हें उत्तर होतें तो मजकूर आज कोणाच्या स्मरणांत नाहीं. उत्तर मात्र भारतीय स्त्रियांच्या लेखनांतील एक मूलग्रंथ मानलें जातें.

पण त्या काळीं काय झालें? पुस्तकाला आदर मिळाला नाहीं. टीका व कुचेष्टा मिळाली. ज्यांच्यापासून पाठिंब्याची अपेक्षा करावी अशा सुधारक वर्तुळांतल्या पुरुषांनींही नाकें मुरडलीं. जोतीराव फुले यांनीं १८८५ मध्यें आपल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईची बाजू घेतली आणि तिला दोष देणाऱ्यांस, ते आपले असतांही, खडसावलें. परंतु तेवढ्यानें भरपाई झाली नाहीं. ताराबाईनें दुसरें पुस्तक प्रसिद्ध केलें नाहीं. तिचें हें एकच पुस्तक जवळजवळ नाहींसें झालें, तें स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रकाशांत आणलें तें १९७५ मध्यें. १८८२ पासून १९७५ पर्यंत त्र्याण्णव वर्षें होतात. आरंभीं आम्हीं ज्या मौनाचा उल्लेख केला तें हेंच.

दुसरबीडहून बुलढाणें कांहीं परदेश नव्हे. दोन्ही एकाच जिल्ह्यांत, एकाच टपालाच्या वाटेवर. तरी ताराबाईचें नांव या भागांतल्या किती घरांत शंभर वर्षें माहीत होतें, याचा विचार केला म्हणजे मन उदास होतें. टिळक-आगरकरांचे एकशेंएक दिवस महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत, आणि तें योग्यच आहे. पण त्याच वर्षीं दुसरीही एक शिक्षा झाली, तिचे दिवस कोणीं मोजले नाहींत. तिला न्यायाधीश नव्हता, कलम नव्हतें, मुदत नव्हती. वाचकांनीं व लेखकांनीं मिळून केलेल्या उपेक्षेची ती शिक्षा होती.

ही चूक केवळ सनातनी पत्रांची होती असें समजून आपण सुटूं नये. जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्यें लिहिला. त्याचे आरंभींचे दोन भाग त्यांच्याच चळवळींतल्या 'दीनबंधु' पत्रांत आले. पुढचे भाग नारायण मेघाजी लोखंडे यांनीं छापले नाहींत. लोखंडे कोणी भित्रे गृहस्थ नव्हते. मुंबईच्या गिरणीकामगारांचे ते पहिले पुढारी. परंतु सरकारवरची व नोकरशाहीवरची ती झोंबणारी टीका छापण्याची जोखीम पत्राला पेलेल कीं नाहीं, ही शंका त्यांना पडली असावी. जोतीरावांना याचा विषाद वाटला. आम्ही दोघांनाही दोष देत नाहीं. एकाला आपलें म्हणणें तुकडे न होतां लोकांपुढें यावें असें वाटत होतें. दुसऱ्याला पत्र जगवावयाचें होतें. मित्राच्या हातांतली चाळणीही कधीं कधीं अशी बारीक होते.

याच्या उलट, चाळणी नीट वापरली तर काय होऊं शकतें याचेंही उदाहरण त्याच दशकांत आहे. १८८५ च्या जूनमध्यें मुंबईच्या 'टाईम्स ऑफ इंडिया' पत्रांत 'एक हिंदु स्त्री' अशा अर्थाच्या इंग्रजी सहीचें एक पत्र आलें. विषय बालविवाह. त्याच सहीचें दुसरें पत्र सप्टेंबरांत वैधव्यावर आलें. लेखिका रखमाबाई. तिचा विवाह लहानपणीं दादाजी भिकाजी याच्याशीं झालेला होता आणि त्याच्याकडे नांदावयास जाण्याचें तिनें नाकारलें होतें. तो खटला त्याच वेळीं मुंबईच्या हायकोर्टांत चालला होता. अशा स्थितींत खरें नांव छापलें असतें तर तिच्या विचारांऐवजीं तिच्या चारित्र्याचीच चर्चा झाली असती. संपादकानें तिचें नांव झांकलें आणि विचार छापले. नांवाच्या पडद्याआडून आलेल्या त्या दोन पत्रांनीं हिंदुस्थानांत व इंग्लंडांत खळबळ उडविली. १८८७ मध्यें कोर्टानें तिला नवऱ्याकडे जा नाहींतर तुरुंगांत जा असें सांगितलें, तेव्हां ती तुरुंगाला तयार झाली. शेवटीं १८८८ मध्यें तडजोड झाली, आणि रखमाबाई इंग्लंडांत वैद्यक शिकून डॉक्टर होऊन परत आली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागें जें लोकमत तयार झालें, त्यांत या प्रकरणाचा वाटा मोठा आहे.

टोपणसहीचा भार संपादकाच्या खांद्यावर किती पडूं शकतो हें पुढें १८९७ मध्यें दिसलें. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता भवानी तलवारीच्या खुणेच्या सहीनें छापली गेली, आणि त्याच अंकांत शिवाजी-उत्सवांतील भाषणांची हकीकत आली. राजद्रोहाच्या खटल्यांत हा मजकूर पुराव्यास आला. नऊ पंचांपैकीं सहा युरोपियनांनीं दोषी म्हटलें, तीन हिंदी पंचांनीं निर्दोषी म्हटलें. आणि १४ सप्टेंबर रोजीं न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी दिली. मजकूर कोणत्या सहीनें आला हें कोर्टानें पाहिलें नाहीं. छापला कोणीं तेवढें पाहिलें. १८८२ चा व १८९७ चा तुरुंग एकच दिसला तरी त्यांत अंतर आहे. पहिल्यांदा संपादक सांपडला तो न तपासलेल्या वस्तुस्थितीमुळें; दुसऱ्यांदा तो सांपडला छापलेल्या मतामुळें. पहिल्याबद्दल त्यानें माफी मागितली, दुसऱ्याबद्दल मागितली नाहीं. हा विवेक आमच्या मतें संपादकधर्माचें सार आहे.

आणि ज्यांच्यासाठीं कोणतीच चाळणी उघडली नाहीं त्यांचें काय? त्यांनीं शेवटीं आपलीं पत्रें काढलीं. 'दीनबंधु' १८७७ मध्यें कृष्णराव भालेकरांनीं काढलें तें याच गरजेंतून, डॉ. आंबेडकरांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं 'मूकनायक' काढलें तेंही याच गरजेंतून. पत्राचें नांवच सगळी हकीकत सांगतें. ज्यांना इतरांच्या स्तंभांत जागा नाहीं, ते मुके नसतात. त्यांना मुकें ठेवलेलें असतें. परंतु प्रत्येक उपेक्षित मनुष्याला स्वतंत्र पत्र काढणें शक्य नसतें. ताराबाईपाशीं नऊ आण्यांचें एक पुस्तक होतें, आणि तें संपल्यावर कांहीं नव्हतें.

या सर्व हकीकतींतून आम्हांस जें दिसतें तें घरगुती दाखल्यानें सांगतों. प्रत्येक घरांत दोन चाळण्या असतात. एक पिठाची, बारीक. कोंड्याचा कण तींतून जाऊं नये. दुसरी धान्याची, मोठ्या भोंकांची. तिनें खडा-माती काढावयाची, दाणा लहान कीं मोठा हें पाहावयाचें नसतें. वस्तुस्थितीला पिठाची चाळणी लावावी, मताला धान्याची. अमक्यानें पैसे खाल्ले, अमकीनें असें वर्तन केलें, अमक्या कचेरींत असें घडलें, असें पत्र आलें तर नांव, गांव, तारीख, पुरावा पाहिल्याशिवाय एक अक्षर छापूं नये. आणि पत्र आपल्या पक्षाला सोयीचें असेल तर दोनदां पाहावें. परंतु पत्रांत केवळ मत असेल, मग तें कितीही कडू, गांवढळ, व्याकरणाला सोडून किंवा आपल्याला न रुचणारें असो, त्यांतली शिवी तेवढी खड्यासारखी वेंचून काढावी आणि दाणा राहूं द्यावा. आमच्या इतिहासांत चुका झाल्या त्या चाळण्यांची अदलाबदल केल्यामुळें झाल्या. कोल्हापूरच्या बनावट कागदांना धान्याची चाळणी लागली. बुलढाण्याच्या खऱ्या संतापाला पिठाची.

कोणी म्हणेल, यापेक्षां सर्वच छापावें आणि वाचकानें निवडावें. चार-आठ पानांच्या साप्ताहिकांत सर्व छापणें अशक्य, हें तर उघडच आहे. पण जागा असती तरी आम्ही तसें म्हटलें नसतें. जेथें कोणीच निवडीत नाहीं तेथें ज्याचा आवाज मोठा तो निवडतो, आणि मोठा आवाज क्वचितच विधवेचा किंवा शेतकऱ्याचा असतो. दुसरा कोणी म्हणेल, मग वाचकांचीं पत्रें छापूंच नयेत, म्हणजे भानगड नाहीं. त्यानें शतपत्रांशिवायच्या मराठी भाषेची कल्पना करून पाहावी.

एक गोष्ट मात्र संपादकावर टाकून भागणार नाहीं. ताराबाईचें पुस्तक छापलें गेलेंच होतें. तिला थांबविलें तें वाचकांनीं. न वाचतां हंसणाऱ्या, वाचून गप्प बसणाऱ्या, आणि 'बायकांनीं असें लिहूं नये' म्हणणाऱ्या वाचकांनीं. छापून आलेल्या पत्राशीं घरोघर कसें वागलें जातें, हीही एक चाळणीच आहे, आणि ती आपल्या सर्वांच्या हातांत आहे. घरांत अंक येतो. त्यांतला अग्रलेख मोठ्यानें वाचला जातो आणि पत्रव्यवहाराचें पान उलटलें जातें. तें पान थांबून वाचण्याची संवय मुलांमुलींना लावली, तर दहा पत्रांतलीं नऊ सामान्य निघतील. दहावें कदाचित् लोकहितवादींचें असेल.

दुसरबीडच्या टपालांतून आज एखाद्या मासिकाकडे पत्र निघालें, तर त्याखालीं नांव असेल कीं टोपणनांव, अक्षर सुबक असेल कीं ओबडधोबड, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. तें पत्र ज्याच्या मेजावर पडेल त्यानें लिहिणाराचें नांव आपल्यापाशीं जपून ठेवावें, त्यांतली हकीकत तपासावी, आणि त्यांतल्या मतानें आपल्याला राग आला तर तेवढ्याच कारणासाठीं तें बाजूस टाकूं नये. राग आला असेल तर पत्र आणखी एकदां वाचावें. ताराबाईच्या वेळीं हें झालें नाहीं, आणि तिच्याच जिल्ह्यानें तिला ओळखण्यास जवळजवळ शंभर वर्षें घेतलीं.